मीरोवचा किल्ला कोणासाठी मोकळा करायचा?

चेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हिया प्रांताच्या उत्तर भागात मोहेल्नित्से नावाचे एक कारखान्यांचे गाव आहे. तिथून पाच-सहा किलोमीटरवर, दाट झाडीतल्या एका टेकडीवर मीरोवचा किल्ला उभा आहे आणि त्याच्या पायथ्याशी जेमतेम चारशे वस्तीचे मीरोव हे खेडे आहे. किल्ला १३व्या शतकातला, ओलोमोउत्सच्या बिशपांचा. पण गेली दीडशेहून अधिक वर्षे तो चेक भूमीतला एक कडेकोट तुरुंग आहे. देशातले जन्मठेपेचे बहुतेक कैदी ज्या दोन तुरुंगांत ठेवले जातात, त्यांतला एक हा. गेल्या उन्हाळ्यात ब्रनोत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हा काही मराठी कुटुंबांची सहल त्या बाजूने गेली, आणि परतीच्या वाटेवर सुरू झालेला वाद पुढे कित्येक दिवस थांबला नाही. एका बाजूचे म्हणणे असे की एवढा देखणा किल्ला खुनी-दरोडेखोरांना राहायला देणे हा इतिहासाचा अपमान आहे. तुरुंग दुसरीकडे हलवावा आणि किल्ला लोकांना खुला करावा. दुसरी बाजू म्हणत होती की तुरुंग आहे तिथेच ठीक आहे. भिंती जाड आहेत, आतली माणसे त्याच लायकीची आहेत आणि सरकारचा पैसाही वाचतो. चेक सहकाऱ्यांकडे विषय काढला तेव्हाही हेच दोन सूर ऐकू आले.

हा वाद दोन्हीकडून चुकीचा मांडला जातो असे मला वाटते. दोघेही भिंतीबद्दल बोलतात. एकाला ती सुंदर दिसते, दुसऱ्याला भक्कम. भिंतीच्या आत कोण होते आणि आज कोण आहे, हा प्रश्न दोघांच्याही बोलण्यात शेवटी येतो किंवा येतच नाही. माझे मत मी आधीच सांगून टाकतो. मीरोवचा तुरुंग टप्प्याटप्प्याने बंद व्हावा, मात्र त्याचे कारण किल्ल्याचे सौंदर्य हे असू नये, आत राहणारा माणूस हे असावे. आणि तो बंद झाल्यावर तिथे बिशपांचा मध्ययुगीन किल्ला नव्याने सजवण्याचा मोह टाळून ती वास्तू तुरुंग म्हणूनच जपावी. ही दोन वाक्ये एकमेकांना छेद देतात असे वरवर वाटेल. ती एकाच विचारातून कशी येतात, ते दाखवण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम किल्लाप्रेमींचे म्हणणे घेतो, कारण ते मला मनापासून कळते. मराठी माणूस किल्ल्याकडे कोरड्या नजरेने पाहू शकत नाही. दरवाजा दिसला की दिंडी शोधायची, तटावर चढून खालचा मुलूख न्याहाळायचा, ही आपली सवय लहानपणापासूनची. आणि मीरोवला नेमके तेच करता येत नाही. रस्त्यावरून बुरूज दिसतात, फिकट भिंतींच्या रांगा दिसतात आणि मग काटेरी तार दिसते. १७व्या शतकाच्या उत्तरार्धात तुर्कांच्या भीतीने या किल्ल्याची तटबंदी नव्याने बांधली गेली. युरोपच्या मध्यभागी तुर्की आक्रमणाची धास्ती किती खोलवर पोहोचली होती, हे दाखवणारी अशी वास्तू अभ्यासकाला बाहेरूनच पाहावी लागते, हे नुकसान खरे आहे. तुरुंगाच्या गरजा वास्तूला सोसवत नाहीत, हेही खरे आहे. कोठड्यांसाठी दालने कापली जातात, खिडक्यांना गज बसतात, जुन्या भिंतींतून नळ आणि तारा जातात. संरक्षित वारसा म्हणून नोंदलेल्या वास्तूचा मालक तुरुंग खाते असेल, तर त्याचे पहिले लक्ष चुन्याच्या गिलाव्याकडे असणार नाही. एवढे सगळे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. या मंडळींना जो 'मूळ किल्ला' परत हवा आहे, तो नेमका कोणत्या वर्षातला?

कारण तुरुंग मीरोववर १९व्या शतकात बाहेरून येऊन बसला, हा समजच अपुरा आहे. बिशपांच्या काळातच चुकलेल्या, बंडखोर किंवा नकोशा झालेल्या धर्मगुरूंना डांबण्यासाठी हा किल्ला वापरला जात होता. त्यांतले एक नाव या भागात अजून घेतले जाते. शुम्पेर्क गावचे डीन, म्हणजे तिथले वरिष्ठ धर्मगुरू, क्रिश्टोफ आलोइस लाउट्नर हे शिकलेले, मोठा ग्रंथसंग्रह बाळगणारे आणि व्हायोलिन वाजवणारे गृहस्थ होते. १६७८ साली वेल्के लोसिनी या शेजारच्या जहागिरीत चेटकिणींचे खटले सुरू झाले. बोब्लिग नावाच्या चौकशी अधिकाऱ्याने छळ करून कबुलीजबाब मिळवण्याचे तंत्र बसवले होते: एकाच्या तोंडून दुसऱ्याचे नाव, दुसऱ्याच्या तोंडून तिसऱ्याचे. सुमारे वीस वर्षांत शंभराच्या आसपास माणसे यात मेली. १६८०मध्ये लाउट्नर यांना अटक झाली आणि त्यांना मीरोवला आणले गेले. धर्मगुरूवर असा खटला चालवायला बिशपची संमती लागत असे, आणि ती मिळाली. पाच वर्षांची कैद आणि छळ यांनंतर १८ सप्टेंबर १६८५ रोजी मोहेल्नित्से इथे त्यांना जिवंत जाळण्यात आले. आज मोहेल्नित्सेहून मीरोवला जाताना जो रस्ता आपण दहा मिनिटांत संपवतो, त्याच्या एका टोकाला त्यांची कोठडी होती आणि दुसऱ्या टोकाला चिता.

ज्या बिशपच्या कारकिर्दीत हे घडले, ते कार्ल लिश्टेनश्टाइन-कास्टेलकोर्न यांच्याकडे जरा थांबून पाहायला हवे. तुर्कांविरुद्ध मीरोवची तटबंदी त्यांनीच बांधवून घेतली. क्रोम्येर्झीझचे प्रसिद्ध पुष्पोद्यानही त्यांचेच. १६६५ ते १६७५ या दहा वर्षांत उभे राहिलेले हे उद्यान १९९८पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि ज्याने ते पाहिले आहे त्याला ती निवड योग्यच वाटेल. तिथल्या वाड्यातल्या चित्रसंग्रहात इटालियन चित्रकार तिशियनचे एक उत्तरायुष्यातले चित्र आहे. मार्सियास नावाच्या वादकाची जिवंतपणी कातडी सोलली जात असल्याचे ते दृश्य आहे. हा संग्रहही याच बिशपांनी १६७३मध्ये मिळवला. त्या चित्रासमोर मी बराच वेळ उभा होतो. उलटा टांगलेला तो वादक, त्याच्या उघड्या डोळ्यांत साठलेले सगळे, आणि खाली सांडलेले रक्त चाटणारे छोटे कुत्रे. वारसा म्हणून आपण क्रोम्येर्झीझ जपले, मीरोव मात्र त्या वारशाच्या बाहेरचा, दूषित झालेला तुकडा मानला. पण उद्यान आखणारा, चित्र विकत घेणारा आणि व्हायोलिन वाजवणाऱ्या धर्मगुरूला कोठडीत सोपवणारा माणूस एकच होता. मीरोववरून तुरुंग पुसून किल्ला तेवढा ठेवला, तर त्या माणसाचा अर्धाच चेहरा आपण नातवंडांना दाखवणार आहोत.

राज्यसंस्थेचा तुरुंग इथे १८५०च्या दशकात आला. त्यामागचे कारण साधे पण महत्त्वाचे आहे. १८४८च्या क्रांतीनंतर ऑस्ट्रियन साम्राज्यात जमीनदारांचा न्यायनिवाड्याचा हक्क संपला, न्यायदान सरकारकडे आले आणि त्याबरोबर शिक्षा झालेली माणसे ठेवण्याची जबाबदारीही सरकारवर पडली. नवे तुरुंग बांधायला वेळ आणि पैसा लागणार होता. मोठ्या, जाड भिंतींच्या, रिकाम्या किंवा विकाऊ वास्तू मात्र हाताशी होत्या. म्हणून त्याच दशकात १७व्या शतकातल्या वालेनस्टाइन या सेनापतीने स्थापलेला आणि पुढे सम्राट दुसऱ्या योसेफने बंद केलेला वाल्दित्सेचा मठ तुरुंग झाला, आजच्या स्लोव्हाकियातला लेओपोल्दोवचा तुर्कविरोधी दुर्ग तुरुंग झाला आणि मीरोवही झाला. ती काटकसर होती. तुरुंगासाठीच आखलेल्या बोरी आणि पांक्रात्ससारख्या इमारती चेक भूमीत त्यानंतर काही दशकांनी आल्या. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी तात्पुरती सोय म्हणून जे पत्करले गेले, ते आज आपण परंपरा म्हणून सांगतो आहोत. 'आहे तिथेच ठीक आहे' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

पण किल्लाप्रेमींकडचे सगळ्यात जवळचे उदाहरण तर ब्रनोतच आहे, आणि ते त्यांच्या बाजूने बोलत नाही. श्पिल्बेर्कचा किल्ला १८व्या-१९व्या शतकांत साऱ्या युरोपात 'राष्ट्रांचा तुरुंग' म्हणून कुप्रसिद्ध होता. इटालियन देशभक्त कवी सिल्व्हिओ पेल्लिको १८२२ ते १८३० तिथे कैदेत होता. १८३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आठवणींनी ऑस्ट्रियाची अब्रू वेशीवर टांगली. १८५५मध्ये हा तुरुंग बंद झाला, म्हणजे साधारण मीरोव सुरू होण्याच्या सुमारासच. त्यानंतर तो किल्ला शंभर वर्षे लष्कराची छावणी होता, मध्येच नाझींनी त्याचा पुन्हा तुरुंग केला, आणि संग्रहालय तिथे आले ते १९६०मध्ये. तळातली अंधारी भुयारे प्रेक्षकांना १८८०पासून दाखवली जात आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्यांचे हवाई हल्ल्यांपासूनच्या निवाऱ्यात रूपांतर केले, तेव्हा त्यांचे रूप आणखी बदलले. आज सहलीला आलेली मुले त्या भुयारांतून किंचाळत, हसत फिरतात आणि पेल्लिको इथेच होता असे समजून बाहेर पडतात. प्रत्यक्षात त्याच्यासारखे राजकीय कैदी वरच्या भागातल्या खोल्यांत होते. तिथेच त्याचा मित्र मारोंचेल्ली याचा कुजलेला पाय कापावा लागला. त्या खोल्यांकडे भुयारांएवढी गर्दी वळत नाही. अंधार आणि साखळदंड पाहायला लोक पैसे देतात. साध्या, उजेडाच्या खोलीत आठ वर्षे बसून राहणे म्हणजे काय, हे दाखवणे फार अवघड असते. मग किल्ला रिकामा केला की इतिहास आपोआप मोकळा होतो, हे कशावरून म्हणायचे?

रिकाम्या झालेल्या तुरुंगाचे पुढे काय होऊ शकते, याचे आणखी एक उदाहरण पोर्तुगालमध्ये आहे आणि त्याचा एक धागा थेट गोव्यापर्यंत येतो. समुद्रकाठचा पेनिशचा दुर्ग सालाझारच्या राजवटीत राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. १९४६च्या आंदोलनानंतर टी. बी. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांच्यासारख्या गोमंतकीय नेत्यांना गोव्यातून उचलून तिथे नेऊन कोंडले गेले. २०१६मध्ये पोर्तुगीज सरकारने जुन्या वास्तू खासगी पर्यटन व्यवसायाला देण्याच्या योजनेत हा दुर्गही घातला, म्हणजे कोठड्यांच्या जागी हॉटेल होण्याची वाट मोकळी झाली. जुने कैदी आणि त्यांच्या घरचे लोक उभे राहिले, तेव्हा सरकारला त्याच वर्षी माघार घ्यावी लागली. आज तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. ते पूर्णपणे खुले झाले २७ एप्रिल २०२४ रोजी, शेवटचे कैदी सुटल्याला बरोबर ५० वर्षे झाली त्या दिवशी. आपल्याकडे आग्वादचा किल्ला २०१५पर्यंत गोव्याचा मध्यवर्ती तुरुंग होता. कैदी कोलवाळला हलवल्यावर तो पर्यटनासाठी सजवला गेला, आणि तिथे स्वातंत्र्यसैनिकांची आठवण किती आणि दुकानदारी किती, हा वाद गोव्यात झालाच. पेनिश वाचले ते वास्तू सुंदर होती म्हणून नव्हे. तिथे कोंडलेली माणसे अजून बोलू शकत होती, म्हणून ते वाचले. मीरोवच्या बाबतीत बोलू शकणारे आता फारच थोडे उरले आहेत.

आता दुसरी बाजू. तिचे पहिले म्हणणे गावाबद्दल आहे आणि ते मी हलके मानत नाही. चारशे वस्तीच्या गावात तुरुंग हाच मोठा मालक असतो; पहारेकरी, स्वयंपाकी, कारकून, वाहनचालक यांची घरे त्यावर चालतात, आणि अशा नोकऱ्या बापाकडून मुलाकडे जातात. तिथे जाऊन 'तुमचा तुरुंग बंद करा' असे सांगणे ब्रनोत बसलेल्या माणसाला सोपे आहे. दुसरे म्हणणे छपराचे आहे, आणि तेही खरे आहे. चेक देशात १९४८ साली साम्यवादी राजवट आल्यानंतर कितीतरी वाडे आणि किल्ले लष्कराला, शेती सहकारी संस्थांना किंवा कोणालाच न देता सोडले गेले आणि त्यांतले बरेच ढासळले. ज्या वास्तूत माणसे राहतात तिचे छप्पर गळले तर दुरुस्त करावेच लागते. तिसरे म्हणणे सर्वांत गंभीर आहे: मीरोवमधल्या पुष्कळ कैद्यांनी माणसे मारली आहेत, त्या मेलेल्यांची आईबापे, मुले अजून जिवंत आहेत, आणि कैद्यांच्या सोयीची चर्चा त्यांना दुखावते. हे दुखणे मी नाकारू शकत नाही. पण शिक्षा किती कठोर असावी हे कायदा ठरवतो. ती शिक्षा सातशे वर्षांच्या जिन्यांनी आणि ओलीने परस्पर वाढवावी, असा अधिकार कोणी कोणाला दिलेला नाही.

राहिला भिंतीच्या भक्कमपणाचा मुद्दा. मीरोवमधून कोणी पळू शकत नाही, अशी ख्याती होती. २९ ऑक्टोबर २००० रोजी जन्मठेप भोगणारा यिर्झी कायीनेक तिथून निसटला आणि डिसेंबरात प्रागमध्ये पकडला जाईपर्यंत सुमारे चाळीस दिवस मोकळा होता. पुढे २०१७मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या माफीने तो सुटला, त्याच्या खटल्यावर चेक समाज आजही दुभंगलेला आहे आणि मला त्यात शिरायचे नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की मीरोवबद्दल बहुसंख्य लोकांना ठाऊक असलेली एकमेव घटना म्हणजे त्या अभेद्य भिंतीचे अपयश. लेओपोल्दोवच्या दुर्गातून १९९१मध्ये सात कैदी पळाले आणि त्यात पाच पहारेकऱ्यांचा जीव गेला. पेनिशच्या समुद्राकडच्या तटावरून ३ जानेवारी १९६० रोजी पोर्तुगीज साम्यवादी नेता आल्व्हारो कुन्याल नऊ सोबत्यांसह उतरून गेला, आणि त्याला एका पहारेकऱ्याचीच मदत होती. किल्ला बाहेरचा शत्रू आत येऊ नये म्हणून आखलेला असतो. वळणे, आंधळे कोपरे, अरुंद जिने, एकमेकांना न दिसणारी अंगणे हे सगळे हल्लेखोराला गोंधळवण्यासाठी असते. तुरुंगात तेच पहारेकऱ्याला गोंधळवते. आपल्याच इतिहासात किल्ल्यावर नजरकैदेत ठेवण्याची रीत होती, सखारामबापू बोकिलांसारख्या मुत्सद्द्याचा शेवट रायगडावर कैदेतच झाला. पण त्या काळी एका माणसामागे अख्ख्या गडाची शिबंदी असे. शेकडो कैद्यांचे आजचे तुरुंग त्या हिशेबावर चालत नाहीत.

खरा मुद्दा मात्र पळून जाणाऱ्याचा नाही, राहणाऱ्याचा आहे. चेकोस्लोव्हाकियाने १९९०मध्ये फाशी रद्द केली आणि तिच्या जागी जन्मठेप हीच शेवटची शिक्षा उरली. चेक कायद्यानुसार जन्मठेपेचा कैदी किमान वीस वर्षांनी सशर्त सुटकेचा अर्ज करू शकतो. अर्ज मंजूर होणे फार विरळा, पण कायद्याने दार बंद केलेले नाही. ज्या माणसाला कदाचित एक दिवस बाहेर सोडायचे आहे, त्याला त्या वीस वर्षांत काम, शिक्षण, इतर माणसांशी वागण्याची सवय मिळायला हवी. केवळ शिक्षा जन्मठेपेची आहे एवढ्यावरून अशा कैद्यांना इतरांपासून वेगळे कोंडून ठेवू नये, हे युरोप परिषदेच्या छळप्रतिबंधक समितीने वारंवार सांगितले आहे. आणि ज्याला कधीच सोडायचे नाही, तो म्हातारा होणार आहे. १९९०च्या दशकात तिशीत आत गेलेली माणसे आता साठीत आहेत. गुडघे गेलेला, दमा झालेला, विस्मरण सुरू झालेला कैदी डोंगरावरच्या दुर्गात कसा सांभाळायचा, हा प्रश्न चेक तुरुंग खात्यासमोर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत येणार आहे आणि त्याचे उत्तर आणखी एक मजबूत दरवाजा हे असू शकत नाही.

त्या सहलीनंतर मी एकदा एकटाच मीरोवला गेलो होतो. मोहेल्नित्सेहून निघालेल्या बसमध्ये माझ्यापुढे एक बाई आणि सात-आठ वर्षांची मुलगी बसली होती. चढ सुरू झाला तशी बाईने मुलीच्या केसांतल्या लोखंडी पिना एकेक करून काढल्या, रुमालात बांधल्या आणि पर्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवल्या; मग एक कापडी फीत काढून वेणी पुन्हा बांधली. मुलगी काही न विचारता मान खाली घालून बसली होती, म्हणजे हे तिला नेहमीचे होते. शेवटच्या थांब्यावर उतरून त्या दोघी दरवाजाच्या दिशेने गेल्या आणि मी तटबंदीचे फोटो काढायला वळलो. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. चांगला आला आहे. पण किल्ल्याच्या वादात या दोघींची बाजू कोणीच मांडली नव्हती, मीही नाही, ही टोचणी तेव्हापासून लागून राहिली. त्यांच्यासाठी मीरोव हा वारसाही नाही आणि सुरक्षेचा प्रश्नही नाही. बसने, दोन गाड्या बदलून, महिन्यातून एकदा पोहोचण्याची ती एक जागा आहे. तुरुंग हलवायचा तर तो मोठ्या शहराजवळ, रेल्वेच्या वाटेवर असावा, ही मागणी कोणत्याही वारसा संवर्धकाइतक्याच ठामपणे केली गेली पाहिजे.

आणि काही गोष्टींसाठी तुरुंग बंद होण्याची वाट पाहण्याची गरजच नाही. १९४८ नंतरच्या राजवटीत मीरोवमध्ये राजकीय कैद्यांची भर पडली: धर्मगुरू, लष्करी अधिकारी, जमीन सोडायला तयार नसलेले शेतकरी. सगळ्या देशात त्या चाळीस वर्षांत सुमारे दोन लाख माणसांना राजकीय कारणांवरून शिक्षा झाल्या, २४८ जणांना फाशी दिली गेली आणि सुमारे साडेचार हजार तुरुंगांत मेले. जे मीरोवला मेले त्यांतले काही तिथल्याच कैद्यांच्या कबरस्तानात पुरले गेले. अशा कबरींचे काय होते, हे चेक लोकांना चांगले ठाऊक आहे. चीहोश्त गावचे धर्मगुरू योसेफ तोउफार यांना गुप्त पोलिसांनी छळले आणि २५ फेब्रुवारी १९५० रोजी ते मेले. प्रागच्या द्याब्लित्से कबरस्तानातल्या सामुदायिक खड्ड्यात त्यांना खोट्या नावाने पुरण्यात आले. त्यांची हाडे सापडून ओळख पटायला २०१४ उजाडले आणि पुढच्या वर्षी ती त्यांच्या गावच्या चर्चमध्ये ठेवली गेली. पासष्ट वर्षे लागली, तेही ज्या माणसाचे नाव साऱ्या देशाला माहीत होते त्याच्या बाबतीत. मीरोवला मेलेल्या अनाम शेतकऱ्याची बाजू कोण घेणार? त्यात या परिसराची आणखी एक अडचण आहे. मोहेल्नित्सेच्या आसपासची वस्ती १९४५ पर्यंत मुख्यतः जर्मन भाषकांची होती. मीरोवला ते म्युराउ म्हणत. युद्धानंतर त्यांना हाकलून दिले गेले आणि नवी माणसे वसली. पिढ्यान्‌पिढ्या तुरुंगाच्या पायथ्याशी राहिलेल्यांच्या तोंडी आठवणी त्यांच्याबरोबर जर्मनीला गेल्या. गाव सांगू शकत नाही, म्हणून कागदांनी सांगायला हवे: कोण आले, कोठून आले, कशासाठी, कधी आणि कशाने मेले. ही यादी दगडावर कोरून, दरवाजाच्या बाहेर, गावाच्या बाजूला लावायला एकही कैदी हलवावा लागत नाही.

इथे मला माझ्याच एका चेक सहकाऱ्याने अडवले. तो म्हणाला, त्याच भिंतीवर उद्या तुम्ही लाउट्नर, नंतर साम्यवादी राजवटीचे बळी आणि मग आजचे खुनी अशी एकच मालिका लावणार का? हुतात्म्याच्या शेजारी गुन्हेगार बसवणार? त्याच्या आजोबांना १९५०च्या दशकात याखिमोवच्या युरेनियम खाणींत वेठीने राबवले गेले होते, त्यामुळे हा प्रश्न त्याने सहज विचारलेला नव्हता. मी त्याला तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही, आता देतो. निरपराध आणि अपराधी यांच्यातले अंतर पुसले जाऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे. यादी एक नसावी आणि स्मारकही एक नसावे. पण लाउट्नर यांना ज्यांनी कोंडले त्यांच्या कागदांवर ते सैतानाशी करार केलेले गुन्हेगारच होते, आणि त्याच्या आजोबांच्या कागदांवरही राज्यद्रोह असेच लिहिलेले असणार. प्रत्येक काळाने आपला कैदी खरा गुन्हेगार आणि आधीच्या काळाचा कैदी बळी मानला आहे. आज आपण बहुतेक वेळा बरोबर असू, कारण न्यायालये स्वतंत्र आहेत आणि पुरावे तपासले जातात. तरीही ज्या दालनात पुढे कधीतरी ही वास्तू उलगडून सांगितली जाईल, तिथे १९९०नंतरच्या वर्षांसाठी एक खोली असावी. तिच्यात कोणा खुन्याचे नाव किंवा फोटो नको. शिक्षेचे कलम, कोठडीची लांबी-रुंदी, दिवसाचे वेळापत्रक आणि भेटीचे नियम, एवढेच असावे. त्या नियमांत केसांतल्या पिनांबद्दलचा असेल, तर तोही.